१९३४ चा खटला आपण का विसरलो? गुप्तरोग, आपली तरुण मुले आणि बाबासाहेबांची वकिली

बाबासाहेबांनी लढवलेले खटले आपल्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतात. ‘देशाचे दुश्मन’ पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी जवळकर-जेधे मंडळींचा बचाव कसा केला, हे अभ्यासवर्गात सांगितले जाते. चवदार तळ्याचा दावा उच्च न्यायालयापर्यंत चालून १९३७ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला, हे तर पोरांनाही ठाऊक असते. पण १९३४ साली बाबासाहेब मुंबईच्या न्यायालयात रघुनाथ धोंडो कर्वे यांच्या बाजूने उभे राहिले, तो खटला आपल्या भाषणांत येत नाही. आला तरी एका वाक्यात उरकतो. आम्हाला वाटते, हे विसरणे निव्वळ अनवधानाने झालेले नाही. त्याची मोठी किंमत आज आपलीच मुले-मुली भरत आहेत.

कर्वे तेव्हा ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत. ते १९२७ मध्ये सुरू झाले आणि १९५३ मध्ये कर्वे गेले तेव्हाच थांबले. संततिनियमन, स्त्रीपुरुष संबंध, हस्तमैथुन, समलिंगी संबंध, गुप्तरोग या विषयांवर हा माणूस मराठीत सरळ लिहीत होता. वाचक पत्राने प्रश्न विचारत, कर्वे उत्तर देत. ‘गुप्तरोगापासून बचाव’ नावाचे पुस्तकही त्यांनी लिहिले. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी या कामापायी गेली. १९३१ मध्ये अश्लीलतेचा पहिला खटला झाला आणि शंभर रुपये दंड बसला. १९३४ मध्ये दुसरा झाला. त्यात ठपका होता वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवर.

या वेळी कर्व्यांचे वकील होते बॅरिस्टर आंबेडकर. त्यांची बाजू थोडक्यात अशी होती: लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते लिखाण आपोआप अश्लील ठरत नाही. मासिक याच विषयाला वाहिलेले आहे. वाचक आपल्या शरीराबद्दल प्रश्न विचारत असेल, तर त्याला उत्तर मिळायला हवे, नाहीतर असे मासिक कशासाठी चालवायचे? त्यांनी हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचा आधार घेतला. खटला हरला. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला.

तो काळ आठवा. पुणे करार होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. येवल्याची घोषणा वर्षभरावर आली होती. अशा धामधुमीत, ज्या खटल्यात नाव होण्यापेक्षा नाव खराब होण्याचीच शक्यता जास्त, तो बाबासाहेबांनी घेतला. कर्वे जन्माने चित्पावन ब्राह्मण आणि विचाराने नास्तिक. त्यांच्याकडून मतांची किंवा पैशाची कसलीच अपेक्षा नव्हती. पुढे १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला, तो स्वतंत्र मजूर पक्षाकडूनच. पी. जे. रोहम यांनी तो मांडला आणि सभागृहाने फेटाळला. म्हणजे १९३४ चा खटला एका वकिलाची लहर नव्हती. माणसाला स्वतःच्या शरीराचे ज्ञान मिळाले पाहिजे, ही त्यांची ठाम भूमिका होती. ज्या समाजाला हजारो वर्षे अक्षर नाकारले गेले, त्याच्या नेत्याला हे कळणे साहजिकच होते. वेदाचे ज्ञान नाकारणारा आणि देहाचे ज्ञान नाकारणारा हात एकच असतो.

आता खापरकडे येऊ. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यातले हे गाव अंकलेश्वर–बऱ्हाणपूर रस्त्यावर आहे. पुढे थोड्या अंतरावर गुजरातची हद्द लागते. वसावे, तडवी, पाडवी, वळवी आडनावांची माणसे, घरात भिली बोली, शाळेत मराठी, कामाला गुजराती. दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेतलेल्या टोळ्या बारडोली, मढी, चलथाणच्या साखर कारखान्यांकडे निघतात. ऊसतोडीत मजुरी ‘कोयत्या’वर ठरते आणि कोयता म्हणजे जोडपे. म्हणून पोरापोरींचे लग्न लवकर उरकले जाते, किंवा ती दोघे एकत्र राहू लागतात आणि विधी पुढे कधीतरी होतो. सोळा-सतरा-अठराच्या वयात पडावावर प्लास्टिकच्या पालात संसार सुरू. आंघोळीला आडोसा नाही, पाणी कालव्याचे, पहाटे तीनला तोडणी.

या मुला-मुलींना होणाऱ्या लैंगिक आजारांबद्दल आम्ही लिहीत आहोत, आणि मुद्दाम अनेकवचनात लिहीत आहोत. कारण बहुतेक वेळा एकच आजार नसतो. परम्याबरोबर क्लॅमिडिया असतो, जखमेबरोबर जांघेत गाठ असते, आणि या सगळ्यांच्या आडून एचआयव्ही येऊ शकतो. मुलगा ‘लघवीला आग होते’ एवढेच सांगतो. मुलगी ‘अंगावरून जाते’ म्हणते, तेही सहा महिन्यांनी. मध्ये ‘बंगाली डॉक्टर’ गाठलेला असतो. त्याने एक सुई टोचलेली असते, दोन गोळ्या दिलेल्या असतात, तीनशे-चारशे रुपये घेतलेले असतात. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर ‘गुप्तरोग, धातुरोग, शर्तिया इलाज’ असे रंगवलेले असते. सरकारी केंद्राचा पत्ता मात्र कुठल्याच भिंतीवर दिसत नाही.

आणि मग आपल्यातलेच शिकलेले लोक म्हणतात, ‘ह्यांच्यात मोकळेपणाच फार.’ आम्ही स्वतः आदिवासी नाही, बौद्ध आहोत. म्हणून हे वाक्य आपल्या लोकांच्या तोंडून ऐकले की जास्त लागते. गावकुसाबाहेरच्या बायांबद्दल सवर्ण शंभर वर्षांपूर्वी हेच म्हणत होते. आदिवासी मुलीला जोडीदार निवडण्याचा जो हक्क आहे, तो हिंदू कोड बिलाच्या आधी सवर्ण मुलीला स्वप्नातही नव्हता. रोगाचे कारण त्या हक्कात शोधणारा ना रोग समजून घेतो, ना समाज.

या आजारांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. इलाज शोधण्याआधी आरोपी शोधला जातो. उपदंश युरोपात पसरला तेव्हा इटालियन त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच इटालियनांचा. आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या भावप्रकाश या वैद्यकग्रंथात त्याला ‘फिरंग’ रोग म्हटले आहे, म्हणजे दोष पोर्तुगीजांवर. तिथपर्यंत निदान परक्यांना शिव्या होत्या. इंग्रजांनी आरोपी घरातलीच शोधली. १८६४ चा छावणी कायदा आणि १८६८ चा सांसर्गिक रोग कायदा यांनुसार छावणीतल्या आणि शहरातल्या वेश्यांची नोंदणी सुरू झाली, त्यांची सक्तीने तपासणी होऊ लागली, आणि रोग आढळला तर त्यांना ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये डांबले जाऊ लागले. मुंबईत हा कायदा १८७० मध्ये लागू झाला, मध्ये बंद पडला, १८८० मध्ये पुन्हा आला आणि १८८८ मध्ये रद्द झाला. सगळा खटाटोप गोऱ्या शिपायाला लढाईसाठी निरोगी ठेवण्याचा. त्या शिपायाकडून बाईला रोग लागतो, हा विचार कायद्यात कुठेच नाही. बाई म्हणजे रोगाचे भांडे, पुरुष म्हणजे रोगाचा बळी. कायदा जाऊन सव्वाशेहून जास्त वर्षे झाली, तरी अनेक दवाखान्यांच्या डोक्यात तो अजून लागू आहे.

याच काळात पुण्यात काय घडले होते? १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या विधवेने यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे तिने ठरवावे. कोणी चौकशी करणार नाही, कोणी बोभाटा करणार नाही. आज आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणात ‘गोपनीयता’ आणि ‘पूर्वग्रहविरहित सेवा’ हे शब्द परदेशातून आल्यासारखे शिकवले जातात. ते या गृहात होते. त्याच गृहात जन्मलेला यशवंत जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला आणि १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाईंसोबत रुग्णसेवा करत होता. गोपनीय आरोग्यसेवेची परंपरा आपल्याला आयात करावी लागत नाही.

इलाजाचा इतिहास त्या मानाने लवकर सांगता येतो. शतकानुशतके पारा होता, रोग्याचे दात पाडणारा. १९१० मध्ये साल्व्हारसान आले. १९४३ मध्ये पेनिसिलीनने उपदंश बरा होतो हे अमेरिकेत दिसून आले. स्वतंत्र भारताने १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स काढली आणि पेनिसिलीन आपल्याच मातीत बनू लागले. म्हणजे साठ-सत्तर वर्षांपूर्वीच उपदंश हा काही रुपयांत बरा होणारा आजार झाला होता. मग तो गेला का नाही?

औषध असूनही न देण्याचा इतिहास तरुण कार्यकर्त्यांनी वाचलाच पाहिजे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात टस्कीगी येथे सरकारी आरोग्य खात्याने १९३२ पासून ३९९ काळ्या पुरुषांच्या उपदंशाचा ‘अभ्यास’ केला. त्यांना आजाराचे नाव सांगितले नाही. ‘खराब रक्त’ आहे असे सांगितले. पेनिसिलीन आले तरी दिले नाही, कारण उपचार न केल्यास शरीराचे काय होते हे डॉक्टरांना बघायचे होते. चाळीस वर्षे हे चालले. १९७२ च्या जुलैमध्ये वर्तमानपत्रांतून ते बाहेर आले. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली होती. पँथर हे नाव जिथून आपण घेतले, त्या लोकांच्या शरीराशी राज्यसत्ता काय करत होती, हे त्याच उन्हाळ्यात जगाला कळले. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये.

आपल्याकडे टस्कीगीसारखा गुप्त प्रयोग करण्याची गरजच पडली नाही. आपल्याकडे कोणी बघितलेच नाही. पहिल्यांदा नीट बघितले ते गडचिरोलीत. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यात तेरा वर्षांपुढच्या मुलीही होत्या. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आले. शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. दर स्त्रीमागे सरासरी ३.६ आजार. आणि आधी कधी तरी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात फक्त आठ. यातले सगळे आजार लैंगिक संबंधातून आलेले नव्हते, निम्म्याच्या आसपास जननमार्गाचे जंतुसंसर्ग होते. पण ३.६ हा आकडा लक्षात ठेवा. एका बाईच्या शरीरात साडेतीन आजार, आणि सरकारी कार्यक्रमाला तिच्याकडून हवी होती फक्त नसबंदी.

याचे दुसरे टोक बीडमध्ये दिसले. २०१९ मध्ये ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांची बातमी गाजली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणीतल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. पांढरे जाणे, ओटीपोट दुखणे, पाळीत जास्त जाणे. यातल्या किती तक्रारी आठ-पंधरा दिवसांच्या गोळ्यांनी गेल्या असत्या? ‘पिशवी काढली की कटकट मिटली’ असे डॉक्टर म्हणतो. ती कामाचा खाडा भरून काढण्यासाठी हो म्हणते, कारण एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो. नंदुरबारचे आणि बीडचे कारखाने वेगळे असतील, मुकादमाचा हिशोब एकच आहे. म्हणून आम्ही म्हणतो, लैंगिक आजार हा मजुरीचा प्रश्न आहे, नीतीचा नंतर.

एचआयव्ही आला तेव्हा पुन्हा आरोपीची शोधाशोध झाली. १९८६ मध्ये चेन्नईत डॉ. सुनीती सोलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातले पहिले संसर्ग शोधले, ते वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांच्या रक्तात. झाले, वस्त्यांवर धाडी सुरू. पण पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत नव्वदच्या दशकात जो अभ्यास झाला, त्याने चित्र उलटे केले. १९९७ मध्ये तो छापून आला. या दवाखान्यांत आलेल्या ज्या स्त्रिया वेश्याव्यवसायात नव्हत्या, त्यांच्यातही शंभरामागे तेरा-चौदा जणींना एचआयव्ही होता. त्यातल्या बहुतेक विवाहित होत्या, आयुष्यात एकाच पुरुषाशी संबंध आलेल्या. पातिव्रत्य पाळा म्हणजे रोग होणार नाही, हे मनुस्मृतीचे आरोग्यशास्त्र पुण्याच्या त्या आकड्यांत मेले. मंगळसूत्राने विषाणू थांबत नाही.

सरकारने पुढे जी पद्धत स्वीकारली ती तरुणांना समजली पाहिजे, कारण ती मोफत आहे आणि तुमच्या हक्काची आहे. खेड्यात प्रयोगशाळा नसते, रुग्ण दुसऱ्यांदा येईल याची खात्री नसते. म्हणून लक्षणांवरून उपचार करायचे, आणि त्या लक्षणामागे जे जे आजार असू शकतात त्या सगळ्यांवर एकाच वेळी औषध द्यायचे. त्यासाठी रंगांची पाकिटे केली. लघवीच्या जागेतून पू येत असेल किंवा गर्भाशयाच्या मुखातून स्राव असेल तर करड्या रंगाचे पाकीट. त्यात परम्यावर सेफिक्झिम आणि क्लॅमिडियावर अझिथ्रोमायसिन, दोन्ही एकदम, कारण हे दोघे वारंवार जोडीने येतात. योनीतून जाणाऱ्या पाण्यासाठी हिरवे. जखमेसाठी पांढरे, त्यात पेनिसिलीनचे इंजेक्शन. पेनिसिलीन सोसत नसेल त्याला निळे. नागिणीसारख्या बारीक फोडांसाठी लाल, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळे, जांघेतल्या गाठीसाठी काळे. जिल्हा रुग्णालयांत आणि काही मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाची खोली असते, तिथे समुपदेशक बसतो.

पद्धत शहाणपणाची आहे, पण अपुरी आहे, आणि तरुण मुलींच्या बाबतीत तर फारच. क्लॅमिडिया आणि परमा बऱ्याच मुलींना लक्षणच देत नाहीत. लक्षण नाही म्हणजे पाकीट नाही. रोग आत शिरत राहतो, गर्भनलिका बंद होतात, आणि चार वर्षांनी तिला ‘वांझ’ म्हणून माहेरी पाठवले जाते. कमी वयात गर्भाशयाच्या मुखाची रचनाच अशी असते की जंतू सहज धरतात. उलट बाजूने, पांढरे जाण्याच्या अनेक तक्रारींचा लैंगिक संबंधाशी काही संबंध नसतो, पण पाकिटासोबत संशय मात्र फुकट मिळतो. एका पाकिटाने एक लक्षण बरे होते आणि रुग्ण समजतो काम झाले. उपदंश आणि एचआयव्हीची रक्ततपासणी राहून जाते. वास्तविक एक आजार सापडला की बाकीच्यांसाठी रक्त तपासायचे, तीन महिन्यांनी एचआयव्हीसाठी पुन्हा तपासायचे, हा नियम आहे. जननेंद्रियावर जखम असेल तर एचआयव्ही शिरायचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

आणि जोडीदार. एकाने गोळ्या घेतल्या, दुसऱ्याने नाही, तर आजार पिंगपाँगच्या चेंडूसारखा फिरत राहतो. नवरा बारडोलीच्या पडावावर आणि बायको बाळंतपणाला गावी, मग जोडीदाराचे पाकीट कोणाच्या हाती द्यायचे? दोन राज्यांचे दोन आरोग्य विभाग, कार्ड एकाचे दुसऱ्याकडे चालत नाही. हा प्रश्न कुठल्याच रंगाच्या पाकिटात नाही. त्यात बंगाली डॉक्टरने अर्धवट दिलेल्या सिप्रोफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्या. या औषधाला परम्याचा जंतू आपल्या देशात केव्हाच सरावला आहे. अर्धा डोस म्हणजे जंतूला तालीम.

आता वयाचा मुद्दा. इथे आम्हाला आपल्या वकील मित्रांशी भांडायचे आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने संमतीचे वय अठरा केले. अत्याचाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून हा कायदा लागतोच, त्याबद्दल दुमत नाही. पण त्याच कायद्यात माहिती मिळताच पोलिसांना कळवण्याची सक्ती आहे. सतरा वर्षांची मुलगी आणि अठरा वर्षांचा मुलगा एकमेकांच्या मर्जीने राहतात, तिला पू होतो, ती दवाखान्यात येते. डॉक्टरने काय करायचे? गोळी द्यायची की गुन्हा नोंदवायला सांगायचे? एचआयव्ही तपासणीला अठराखालच्या मुलाला पालकाची संमती लागते. परिणाम एकच होतो: मुलगी येतच नाही. गर्भपाताच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये अल्पवयीन मुलीची ओळख पोलिसांना न सांगण्याची मुभा डॉक्टरांना दिली. लैंगिक आजारांच्या उपचारालाही अशीच स्पष्ट मुभा का मागू नये? ‘मैत्री क्लिनिक’ नावाची किशोरांची केंद्रे महाराष्ट्रात आहेत, पण आत गेल्यावर पोलीस भेटेल अशी भीती असेल तर मैत्री कसली?

ज्ञानाचा दरवाजा बंद करण्यात तर आपले राज्य पटाईत आहे. २००७ मध्ये शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्राने बंद केला. कारण काय, तर संस्कृती बिघडते. १९३४ मध्ये कर्व्यांना दंड करताना दुसरे कोणते कारण होते? त्र्याहत्तर वर्षांनी तोच निकाल, फक्त न्यायाधीशाऐवजी आमदार. आणि ज्या शाळेत मुलींना शरीराचे नाव सांगायला बंदी, त्याच शाळांच्या वसतिगृहांत शरीरावर प्रयोग करायला मात्र बंदी नव्हती. २००९ मध्ये आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस सुमारे चोवीस हजार मुलींना प्रकल्प म्हणून टोचली गेली. त्यात आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. काही मुलींचे मृत्यू झाले. चौकशी समितीला त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. पण संमतीच्या कागदांवर आईबापांऐवजी मुख्याध्यापकांच्या, वॉर्डनच्या सह्या होत्या, आणि २०१३ मध्ये संसदेच्या समितीने त्यावर कठोर ताशेरे ओढले. आम्ही लशीच्या विरोधात मुळीच नाही. ती हजारो बायांचा जीव वाचवणारी आहे, पुण्याच्या सीरमने स्वदेशी लसही आणली आहे, ती आपल्या मुलींना मिळालीच पाहिजे. पण आई-बापाला त्यांच्या बोलीत समजावून आणि मुलीला विचारून. वॉर्डन कोणाच्या शरीराचा मालक नाही.

आता घरातले भांडण. १६ जून १९३६ रोजी बाबासाहेबांनी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, मुरळी, जोगतिणी आणि कामाठीपुऱ्यातल्या स्त्रियांसमोर भाषण केले. हे जिणे सोडा, लग्न करा, कष्टाने जगा, असे कडक शब्दांत सांगितले. हे भाषण आपल्याकडे पुन्हा पुन्हा छापले जाते आणि छापलेच पाहिजे. जातीने लादलेल्या धंद्यातून आपल्या बायांना बाहेर काढण्याचा तो पुकारा होता. पण १९३६ लक्षात ठेवून १९३४ विसरायचे, यातून चळवळीत एक विचित्र सोवळेपणा शिरला. इज्जतीचे राजकारण. पोराला परमा झाला तर तो शाखेत सांगत नाही, कारण ‘पंचशील पाळत नाहीस का’ असा प्रश्न येतो. तिसऱ्या शीलाचा उपयोग रुग्णाला गप्प करण्यासाठी होतो. तथागतांनी तर आजारी भिक्खूला स्वतःच्या हाताने धुतले होते. त्याच्या घाणीचे कारण विचारत बसले नव्हते.

सांगलीत १९९२ पासून ‘संग्राम’ने आणि पुढे तिथल्या स्त्रियांच्याच ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषदे’ने जे केले, त्याबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते राहोत. धंद्याला काम म्हणावे की गुलामी, यावर आम्ही गुलामीच म्हणू, कारण त्या वस्त्यांची जात आम्हाला माहीत आहे. पण निरोध हातात घेऊन वस्तीतल्याच बाईने वस्तीतल्या बाईला शिकवणे, आणि गिऱ्हाईकाला ‘निरोध नाही तर मी नाही’ म्हणण्याची ताकद देणे, हे काम त्यांनी केले. आपण केले नाही. बाबासाहेबांचा ‘शिका’ हा शब्द तिथे आपल्याआधी पोहोचला, हे मान्य करायला लाज कसली?

१९३४ आणि १९३६ यांच्यात विरोध आहे असे आम्हाला वाटत नाही. एका ठिकाणी बाबासाहेब व्यवस्थेने दिलेले जिणे नाकारा म्हणतात, दुसऱ्या ठिकाणी प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळण्याचा हक्क मागतात. पहिले भाषण करणारा माणूस दुसऱ्या खटल्यात हरला होता, हे विसरून पहिले भाषण वाचले की त्याचा उपदेश होतो. अर्थात, कर्व्यांचेही सगळे डोक्यावर घ्यायचे कारण नाही. जातीच्या प्रश्नाला त्यांनी जेवढा हात घालायला हवा होता तेवढा घातला नाही.

खापर परिसरात काम करणाऱ्या आपल्या तरुणांना आम्ही एवढेच सांगतो आहोत की हंगामाचे वेळापत्रक डोळ्यासमोर ठेवा. ट्रक भरायला लागले की कोणी भेटत नाही, आणि परत येतात तेव्हा होळीच्या बाजारात. म्हणून दिवाळीआधीच्या तीन आठवड्यांत सरकारी समुपदेशकाला वाडीवर घेऊन जा, पण मुला-मुलींशी वेगवेगळे बोला, आणि बोलणारी व्यक्ती वसावी बोली जाणणारी असू द्या. ‘गुप्तरोग’ हा शब्द टाळा. ‘लघवीची आग’, ‘जांघेतली गाठ’ असे सरळ म्हणा. नाव लिहून घेऊ नका. पाकिटातली औषधे स्वतः वाटू नका, ते डॉक्टरचे काम आहे, अर्धवट औषधाने काय होते ते वर सांगितलेच आहे. जोडीतल्या दोघांनी मिळून तपासून घ्यावे, याचा आग्रह धरा. गरोदर मुलीची उपदंशाची तपासणी झाली का, हे तिच्या कार्डावर बघा. झालेली नसेल तर आशाताईंना गाठा, कारण एका इंजेक्शनवाचून मेलेले मूल जन्माला येऊ शकते. टोळीसोबत जाणाऱ्यांच्या हातात निरोधाचे पुडके आणि बारडोली भागातल्या सरकारी दवाखान्याचा पत्ता द्या, गुजरातीत लिहिलेला. आणि एस.टी. स्टँडच्या त्या भिंतीवर, शर्तिया इलाजाच्या शेजारी, मोफत तपासणीचा पत्ता रंगवा. रंगाचा खर्च फार येत नाही. ग्रामपंचायतीची परवानगी मात्र आधी लेखी घ्या.